फोनवर पाहिलेलं लुईव्हिल

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या युनीतलं, म्हणजे युनिव्हर्सिटीतलं, माझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरला संपणार होतं. मी अर्ज करत सुटले होते, आणि जुलैत अमेरिकेतल्या लुईव्हिल नावाच्या शहरातून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. मी ते नकाशावर शोधलं. ओहायो नदीच्या काठी, समुद्रापासून खूप लांब.

इंटरव्ह्यू चांगला झाला. नंतर समितीतल्या एक वयस्क प्राध्यापिका म्हणाल्या, "गाव न बघता हो म्हणू नकोस. मी दाखवते."

रविवारी सकाळी आठला त्यांचा व्हिडिओ कॉल आला. तिथे शनिवारची संध्याकाळ. मी स्वेटर घालून हीटरपाशी बसलेले, आणि बाई घामाघूम होऊन जुन्या रेल्वेच्या पुलावरून चाललेल्या. आता त्या पुलावर फक्त माणसं आणि सायकली. खाली दुधाळ चहाच्या रंगाची रुंद नदी. एक बोट मालाने भरलेल्या तराफ्यांची रांग ढकलत होती. पलीकडच्या काठावर दुसरं राज्य.

शहराचं नाव कसं घ्यायचं तेही त्यांनी शिकवलं. "लूवल. अर्धं गिळून टाकायचं." टोस्ट खाणाऱ्या माझ्या मुलीला ते माझ्याआधी जमलं. लगेच म्हणाली, "बट आय'म नॉट गोइंग, आई."

"इथे नव्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला," बाई सांगत होत्या. "कुठल्या हायस्कूलची? त्यावरून वस्ती, पैसा, सगळं ओळखतात."

"मग मी काय सांगू?"

"मी बाहेरूनच आले. चाळीस वर्षं काहीतरी गुळमुळीत सांगतेय."

चार दिवसांनी ऑफर आली. पोर्ट केम्ब्लाच्या स्टीलवर्क्समधून नवरा शिफ्ट संपवून आला, तेव्हा मी त्याला दारातच सांगितलं. त्याने बूट काढले, मग विचारलं, "तुला तिथे जायचंय, की इथून निघायचंय?"

मला राग आला. याआधी आम्ही ट्रुगानिनात राहिलो होतो, मग डार्विनमध्ये. दोन्हीकडे तिसरं वर्ष लागलं की मीच सामान बांधायला काढलं होतं, आणि दोन्ही वेळा त्याने नोकरी सोडली होती. आठवडाभर मी कपाटं लावली, पुन्हा उपसली. शेवटी बाईंना नकार कळवला. त्यांनी समजून घेतलं.

युनीने वर्षभराची मुदतवाढ दिली. मुलगी खूश झाली. मी मात्र अजूनही चहा घेताना जाहिराती चाळते. नवऱ्याने एकदा पाहिलं, तेव्हा मी म्हटलं, "हिची बारावी होईपर्यंत थांबते. पुढचं विचारू नकोस."