दोरजेबाबांची जुनी कॅलेंडरं

दोरजेबाबांविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार होती. आज पहाटे ते गेले, त्यामुळे सुनावणी होणार नाही.

तक्रार अशी, की हा माणूस दर लोसारला, म्हणजे तिबेटी नववर्षाला, मला कॅलेंडर द्यायचा.

मागच्या वर्षाचं. सुतळीनं बांधलेलं.

"बाबा, हे संपलं."

"काऊन जी सर, मागच्या तारखा सडल्या का?"

केशोरीकडच्या तिबेटी वसाहतीत त्यांचं घर. पावसाळ्यात धान, हिवाळ्यात गोंदियात स्वेटरचं दुकान. मी संस्कृतात एम.ए., म्हणून मला बोलायची भाषा येत नाही असा त्यांचा समज.

एकदा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा त्यांनी आपली गोष्ट सांगितली.

तरुणपणी तिकडे तिबेटात ते सरकारी पोस्टरं रंगवायचे. शेजारी, शिक्षा म्हणून पाठवलेला एक म्हातारा चिनी चित्रकार. तेव्हा झाडा-फुलांची चित्रं काढणं गुन्हा होता. तो नेत्याच्या पोस्टरमागे आपल्या अंगणातलं नासपतीचं झाड काढायचा.

"नेत्याचं तोंड कोन फाडंल? मागं झाड सुरक्षित."

आणि त्या म्हाताऱ्याचा नियम, सगळी चित्रं एका घरात ठेवायची नाहीत. एकदम सापडतात.

तरी सापडली. जाळली. तो म्हातारा उस्ताद परत दिसला नाही.

"पण बाबा, तुम्ही तिबेटी, ते चिनी..."

"तो मले रंग कालवाले शिकवून राहिला होता जी. त्यात कायचा चिनी?"

मी बातमी केली. पेपरात अर्धं पान, वर माझं नाव, बायलाइनसकट.

आज त्यांच्या घरी गेलो. मुलगी पेमा हिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि माझ्यासमोर उलटं धरलं.

मागे नासपतीचं झाड. पांढऱ्या फुलांनी भरलेलं. खाली अंगण, एक बादली.

"दर वर्षी काढत. एकेक ओळखीच्या घरी देत."

मग म्हणाली, "तुमाले तर सारं सांगतलं होतं. बाबा म्हनत, सर पत्रकार आहेत, पलटवून पाहतीलच."

पत्रकारानं सुतळीसुद्धा सोडली नव्हती.

मला नऊ मिळाली होती. यंदा दिलेलं माझ्या घरी कपाटावर सापडलं. झाड त्यात आहे.

गोंदिया, फुलचूर, सौंदडच्या मित्रांनो, बाबांनी स्वेटरसोबत जुनं कॅलेंडर दिलं असेल तर फेकू नका. उलटून पाहा. फोटो पाठवा.

बाबा, तक्रार मागे घेतो. या आता.

काळजी एकच आहे. ते झाड आठवणारा शेवटचा माणूस आज गेला, आणि त्यानं सांभाळायला दिलेली आठ झाडं मी रद्दीत घातली.