रंकाळ्याकाठी अकरा वाटे

रंकाळ्याच्या काठावर बंगला आहे असं सांगितलं की कोल्हापुरात समोरचा माणूस मला खालून वर बघतो आणि मग विचारतो, "भाड्यानं?" किती जणांनी विचारलं ते मी मोजलेलं नाही. प्रत्येकाचं तोंड मात्र लक्षात आहे.

बंगला माझा आहे. उद्यमनगरात बंद पडलेल्या कारखान्यांतली जुनी मशिनं घ्यायची, खोलून साफ करायची, रंग मारून पुढं विकायची, हा माझा धंदा. सुरुवात केली तेव्हा दुकान नव्हतं, सायकल होती. सौद्यात मी कुणाला ऐकत नाही. लेथचा मालक पहिला आकडा बोलेपर्यंत मी गप्प बसतो. त्याचा चहा पितो, त्याच्या पोराच्या शाळेची चौकशी करतो, मशीनकडं बघतसुद्धा नाही. बंगलाही तसाच घेतला. आधीच्या मालकाला अमेरिकेत मुलाकडं जायची घाई होती आणि मला कसलीच घाई नव्हती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका दिवाळीनंतर, मंगळवार पेठेतल्या दोन खोल्या सोडून आम्ही तिथं राहायला गेलो. आम्ही म्हणजे मी आणि बायको. मुलगी आधीच लग्न होऊन इचलकरंजीला गेली होती.

चौपाटीवर संध्याकाळी सगळं गाव येतं, भेळ खातं, वारं घेतं आणि घरी जातं. आमची कॉलनी त्या गर्दीपासून लांब, पाण्याकडं तोंड करून बसलेली. अठरा बंगले, एक गेट, गेटवर वॉचमन. डॉक्टर, वकील, दोन बिल्डर, कारखान्यांतल्या मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले साहेब. सकाळी पांढरे बूट घालून सगळे काठाकाठानं फिरायचे. मी समोर आलो की त्यांना तळ्यातली बदकं दिसायला लागायची. पेठेत माणूस दारावरून गेला तर दहा जण विचारतात, "काय, कुठं?" इथं विचारणारं कुणी नाही. पहिले काही दिवस मला वाटलं, मोठी माणसं आहेत, हळूहळू ओळखतील.

बायकोचे हाल जास्त. मी दिवसभर उद्यमनगरात शिव्या घालायला आणि खायला मोकळा. ती घरात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं सतरा घरी जाऊन बोलावणं केलं. तिघी आल्या, सोफ्याच्या कडेवर टेकल्या आणि क्लबात कार्यक्रम आहे म्हणून उठल्या. तिळगुळाची उरलेली ताटं आम्ही पंधरा दिवस खाल्ली. पुढं पुढं ती दूधवाल्याला दारात उभं करून त्याच्या म्हशींची नावं विचारायला लागली. एक दिवस जेवताना म्हणाली, "आपण परत जाऊया की. हितं भिंतीबी हळू बोलत्यात."

"एक वर्ष काढ," मी म्हटलं. "आपणच काहीतरी सुरू करू. माणसं काय, जेवण घातलं की जवळ येतात."

हे मी मनापासून म्हटलं होतं. चूक तिथंच झाली.

आषाढ आला. आमच्या पेठेत आषाढातल्या मंगळवारी-शुक्रवारी टेंबलाईची यात्रा निघते. नदीचं नवं पाणी कलशात भरून पोरी डोक्यावर घेतात, पुढं सनई-ढोलाचा पी-ढबाक, मागं सगळी गल्ली, आणि पाणी जातं टेंबलाईच्या टेकडीवर. परत आल्यावर बकरी पडतात आणि घरटी मटणाचे वाटे होतात. कुणाच्या घरात किती माणसं ते पोरांना पाठ असतं. वर्गणी दिली नाही म्हणून कुणाचा वाटा चुकत नाही. न खाणाऱ्यांच्या घरी नारळ आणि गोड नैवेद्य जातो. भांडण झालेल्या घरीसुद्धा वाटा जातो. तो घेतला की भांडण मिटलं असं धरतात. मी लहानपणापासून हे बघत आलो. वाटा नाकारणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

कॉलनीत कुणी यात्रा काढणार नाही हे मला कळत होतं. म्हणून मी स्वतःच्या खर्चानं बकरं घेतलं, टेंबलाईला पाणी घालून आलो आणि पेठेतल्या खाटकाकडून वाटे करून घेतले. आणि कुणाच्याही दारात आंधळेपणानं गेलो नाही. वॉचमनकडून आणि दूधवाल्याकडून आधी खात्री करून घेतली. सात घरं शाकाहारी. त्यांच्यासाठी नारळ आणि पेढे. उरलेल्या दहा घरांसाठी वाटे, अकरावा वॉचमनला. पानात बांधून, वर कागद, वर सुतळी. पेठेची रीत म्हणून मी स्वतः टोपी घालून निघालो.

शाकाहारी घरांनी नारळ कपाळाला लावून घेतला, हे कबूल केलं पाहिजे. एका आजोबांनी तर टेंबलाईचं पाणी कसं होतं तेही विचारलं. तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

पहिल्या खाणाऱ्या घरी बाईंनी पुडकं हातात तोललं आणि पर्स काढली. "किती द्यायचे? होम डिलिव्हरी कधी सुरू केली तुम्ही?"

"वहिनी, मी चौदा नंबरातला. तुमचा शेजारी. आषाढाचा वाटा हाय."

"ओह," त्या म्हणाल्या आणि पुडकं टीपॉयवर, मासिकावर ठेवलं. मासिक लगेच उचललं.

दुसऱ्या घरी मोलकरणीनं सांगितलं, मागच्या दारानं या. मी मागच्या दारानं गेलो. आजही मला त्याचा राग येतो, की मी मागच्या दारानं गेलो. एका घरी डॉक्टरांनी पुडकं न घेता विचारलं, "पण कशाबद्दल?" मी यात्रा सांगितली. ते म्हणाले, "हो, पण आम्हालाच का?" मी परत यात्राच सांगत बसलो. शेजारी आहात म्हणून, एवढं साधं उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या कचरापेटीजवळ दोन कुत्री एक पुडकं ओढत होती. सुतळी माझी होती. गाठसुद्धा सुटलेली नव्हती. बायको दूध घ्यायला बाहेर आलेली, तिनंही बघितलं. आत जाऊन तिनं राहिलेला रस्सा गरम केला आणि आम्ही दोघांनी नाष्ट्यालाच खाल्ला.

आठ दिवसांत सोसायटीची नोटीस आली. कॉलनीत उघड्यावर मांसाचं वाटप झाल्यानं रहिवाशांना त्रास झाला आहे, तरी संबंधितांनी लेखी दिलगिरी द्यावी, ती फलकावर लावण्यात येईल. नाव घातलं नव्हतं. एवढा त्यांचा सभ्यपणा.

सभा सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात झाली. सेक्रेटरी म्हणजे माझ्या पश्चिमेचे शेजारी, निवृत्त मोठे साहेब. आवाज कधी चढत नसे. मी म्हटलं, "साहेब, दर रविवारी तुमचा ड्रायव्हर आमच्या पेठेतल्या दुकानात रांगेत असतोय. दोन किलो, मांडी वेगळी, चाप वेगळे. खाटीक माझा दोस्त हाय."

दोघं-तिघं हसले. साहेब हसले नाहीत. "ते आम्ही घरात खातो," ते म्हणाले. "दारोदार वाटत फिरत नाही."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. धंद्यात लोकांनी मला फसवलंय, भंगारवाला म्हटलंय, पोलिसात नेण्याची भीती घातलीय. ते सगळं सौद्यातलं बोलणं. पण स्वतः खायचं आणि दुसऱ्याला द्यायचं याची लाज वाटावी, हे मला पेठेत कुणी शिकवलं नव्हतं. मी दिलगिरी लिहिली नाही. "लिहिणार न्हाय," एवढं म्हटलं आणि चपला घातल्या.

त्यानंतर पंधरा दिवसांनी एक एजंट आला. पान खाल्लेला, हसरा, आमच्याच भाषेतला.

"पावणं, कशाला जिवाला तरास करून घेताय? पेठेत झकास दोन मजली बांधा की. तुमच्या माणसांत ऱ्हावा."

"घेणार कोण?"

"ते आत्ताच सांगता येत न्हाय. पण पार्टी सोन्यासारखी हाय."

बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर एवढा उजेड मी त्या घरात आल्यापासून बघितला नव्हता. ती इथं राहते की परत जाते, हे त्या चहाच्या कपात ठरणार होतं, आणि तिच्या मते ठरलंही होतं.

आकडा त्यानं आधी सांगितला. कमी होता. मी बंगला घेतला त्याहूनही थोडा खाली. मी चहा पीत राहिलो. तो म्हणाला, "घराला दोष बी हायत. पश्चिमेच्या गच्चीच्या कठड्याला भेग हाय." मी मान हलवली. भेग मला ठाऊक होती, घर रंगवताना रंगाऱ्यानं शिडीवरून सांगितली होती. ती भेग रस्त्यावरून दिसत नाही. माझ्या गच्चीवरूनही दिसत नाही, कारण ती बाहेरच्या बाजूला आहे. ती दिसते एकाच ठिकाणाहून, पश्चिमेच्या शेजाऱ्याच्या गच्चीवरून.

म्हणजे साहेब. आधी मला कॉलनीच्या फलकावर टांगायचं, मग मी कंटाळलो की घर स्वस्तात घ्यायचं. लेथच्या सौद्यात मी हेच करतो, हे मला कळत होतं. पण मी मशीन स्वस्तात घेण्यासाठी कुणाच्या जेवणाला नावं ठेवत नाही.

त्याच दिवशी मी ठरवलं की विकायचं नाही. आणि त्याच दिवशी ठरवलं की हे कुणाला सांगायचं नाही. एजंट चार वेळा आला. दर वेळी मी थोडा नरम पडलोय असं दाखवलं आणि आकडा वर चढवला. घर सोडायची आमची तयारी दिसावी म्हणून बायकोला म्हटलं, "पडदे काढायला लाग. भांडी बांधायला घे." तिनं खरंच बांधली. जुन्या लुगड्यांत पितळी भांडी, चादरीत अंथरुणं. मंगळवार पेठेत तिच्या नणंदेच्या घरामागं दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्याही बघून आली. "नळ बाहेर हाय," मला सांगितलं, "पण दुपारी समद्या जणी तिथंच बसत्यात." एजंट बांधलेली गाठोडी बघून खूश होऊन जायचा. मीही खूश व्हायचो.

शेवटी इसार द्यायच्या दिवशी साहेब स्वतः आले, एजंटाबरोबर, हातात कागदांची पिशवी. आकडा तोवर पहिल्याच्या दीडपट झाला होता. मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हटलं, "साहेब, वर्ष होत आलं. माझ्या दारात तुमी पैल्यांदा आलासा."

"हो, तसं राहूनच गेलं," ते म्हणाले.

"बरं झालं आलासा. घर विकायचं न्हाय मला. कठड्याची भेग उद्या बुजवून घेतो, तुमाला रोज बघायला नको."

एजंट माझ्याकडं आणि साहेबांकडं बघत राहिला. साहेबांनी पिशवीचा बंद ओढला. आवाज तेव्हाही चढला नाही. "तुम्ही आमचा वेळ घालवलात," ते म्हणाले आणि चहाला हात न लावता गेले. मला इतकं बरं वाटलं होतं की मी तो चहाही पिऊन टाकला.

आत गेलो तेव्हा बायको गाठोड्यावर बसली होती. सगळं ऐकलं होतं तिनं.

"मला सांगायचं तरी," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. त्यो एजंट हुशार."

"व्हय. म्हंजे मीबी समोरची पार्टी झालो."

मी तिला साहेबांचं सगळं कारस्थान समजावून सांगितलं. भेग, आकडा, नोटीस. ती ऐकत होती आणि एकीकडं गाठी सोडत होती. मी म्हटलं, "त्यांच्या नाकावर टिच्चून राहू." तिनं विचारलं, "कोण? तुमी तर सकाळी आठला जातासा उद्यमनगरात." त्यावर मी आवाज चढवला. घरात आवाज चढवायला मला कधी कारण लागलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारची भांडी झाल्यावर तिनं रिक्षा केली आणि मंगळवार पेठेत गेली. दिवेलागणीला परत आली. तेव्हापासून रोज. पुढं रिक्षाचा सहा आसनी टेंपो झाला, रस्ते रुंद झाले, तळ्याकाठी नवे दिवे लागले, तिचं जाणं चुकलं नाही. आमची यात्रा पेठेतच होते. आमचा वाटा तिच्या डब्यातून इथं यायचा. साहेब वारले, त्यांच्या मुलानं बंगला विकला, तो घेणाराही मी समोर आलो की बदकं बघतो. दिलगिरी मी आजवर दिलेली नाही आणि कुणी परत मागितलीही नाही. फलकच काढून टाकलाय.

मागच्या वर्षी गुडघे दुखतात म्हणून तिला टेंपोत चढता येईना. मी म्हटलं, "आता विकूया. खरंच. पेठेत जाऊ."

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेंगा सोलत होती.

"आधी एजंटाला सांगा," ती म्हणाली. "इसार हातात पडला की मला हाक मारा. भांडी मी तवा बांधतो."

मी दुसऱ्या दिवशी एजंट बोलावला. तो घर बघून गेला, त्याला आकडाही पटला. त्याच्यासमोर मी गप्प बसलो नाही, पहिल्यांदाच पहिला आकडा मी सांगितला. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. कपाटातलं एक भांडंही तिनं अजून हलवलेलं नाही. मी खरं बोलतोय हे तिला पटत नाही, आणि याचा राग मला अजूनही त्या मेलेल्या साहेबावरच येतो.