बांधावर मी काय करीत होतो

सोलापूरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद माझ्या मुलापुढे धरला आणि ते म्हणाले, "सिरॉसिस आहे."

"पोट माझे आहे," मी म्हणालो. "मला सांगा."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "काका, यकृत आक्रसून घट्ट झालंय. गेलेला भाग परत येत नाही. दारू थांबली तर उरलेल्यावर जगता येईल. नाही थांबली, तर पुढच्या वेळी मला यांच्याशीच बोलावं लागेल."

त्यानंतरची हकिकत आमच्या गावात चार प्रकारे सांगितली जाते. चारही खोट्या आहेत. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांच्यापर्यंत खरी पोहोचावी, म्हणून लिहितो.

मुलगा मिलिंद सांगतो की त्याने दवाखान्यात दाखल केले म्हणून माझी दारू सुटली. दवाखान्याने जीव वाचवला, हे मान्य. त्याआधी मी घरीच, मर्दुमकी म्हणून, एकाएकी पिणे बंद केले होते. तिसऱ्या दिवशी हात कापू लागले आणि भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या. त्या मी झाडूने झाडीत होतो. भिंतीवर काही नव्हते. याला विथड्रॉवल म्हणतात: शरीराला दारूची सवय जडलेली असते, ती अचानक तुटली की शरीर बंड करते. ते जिवावर बेतू शकते. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून हा पराक्रम करू नये.

नऊ दिवसांनी मी घरी आलो. घरी आल्यावर अकराव्या दिवशी प्यालो. दवाखान्याने सोडवली असेल, तर ती अकराव्या दिवशी मला कोणी पाजली?

मेहुणी सांगते की तिने चहात दारू सोडवायची भुकटी कालवली. भुकटीने जुलाब झाले. त्याहून अधिक काही झाले नाही.

तिसरी हकिकत लक्ष्मणची. हा आमच्या भावकीतला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून आमच्या विहारात आणि लग्नकार्यांत पंचशील मी सांगत असे. मी म्हणायचे आणि मंडळींनी मागून. पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे. तेही मी खणखणीत आवाजात म्हणत असे, वासासकट. लक्ष्मणने एके दिवशी माझ्या हातून माईक काढून घेतला. ते योग्यच होते. पण मी दारू सोडल्यावरही तो गावभर सांगत राहिला, "आबा सुधारत न्हाय. रोज सांजच्याला दुकानाकडंच जातोय."

जात होतो, हे खरे. अकराव्या दिवसाच्या त्या प्रकारानंतर डॉक्टरांनी मला एका गटाचा नंबर दिला होता. दारू सोडणारी माणसे रोज सायंकाळी सात वाजता फोनवर एकत्र जमतात. कोणी नांदेडचा, कोणी चंदगडचा. आडनाव सांगायचे नाही, चेहरा दाखवायची सक्ती नाही. सोलापूरला अशी बैठक समोरासमोर होते. पण ती संपेपर्यंत आमच्या गावाची शेवटची गाडी निघून जाते. माझ्या घरात रेंज नाही. ती मिळते पाझर तलावाच्या बांधावर, आणि बांधाची वाट देशी दारूच्या दुकानापुढून जाते. हे कोणाला समजावून सांगण्याची मला गरज वाटली नाही.

त्या गटात प्रत्येकाने बोलताना आधी नाव सांगायचे आणि मग म्हणायचे, मी दारुडा आहे. सात आठवडे मी ते म्हटले नाही. "मी भीमराव, सेवानिवृत्त कालवा निरीक्षक," एवढेच म्हणत असे. कोणी हसले नाही. वसंत नावाचा एक जण म्हणाला, "चालेल. ऐकत राहा."

एका सायंकाळी लक्ष्मण दोघांना घेऊन बांधावर चढला.

"बाटली कुठं दडवली, आबा? दावा की."

मांडीवर फोन उघडाच होता. त्यातून वसंतचा आवाज आला, "भीमराव, आता तुम्ही."

फोन बंद केला असता तर लक्ष्मण खरा ठरला असता. बोललो असतो, तर ज्याच्यापुढे जन्मात मान खाली घातली नाही त्याच्यापुढे ते वाक्य म्हणावे लागले असते. मी लक्ष्मणकडे पाहत म्हणालो, "मी भीमराव. मी दारुडा आहे. आज प्यालो नाही."

हे नम्रतेने म्हटले, असे कोणी समजू नये. लक्ष्मणला खोटे पाडण्यासाठी म्हटले. पण म्हटले, आणि त्यानंतर रोज म्हणता आले.

लक्ष्मणने वाकून फोनकडे पाहिले. मग म्हणाला, "रेंज हितंच येती व्हय?" आणि खाली उतरला.

चौथी हकिकत त्यानंतरची आणि सर्वांत निर्लज्ज. "म्या बांधावर जाऊन आबाला शरमिंदा केलं, तवा सुटली," असे तो सांगतो.

मला सोडवले ते मी आजवर न पाहिलेल्या माणसांच्या आवाजांनी. त्यांचे ऋण मी मानतो; गावाचे मानत नाही. यकृत पूर्ववत होणार नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी आहे.

गेल्या लग्नसराईत एका लग्नात लक्ष्मणने स्वतः माईक माझ्यापुढे धरला. पाचव्या शीलाशी मी क्षणभर थांबलो. पूर्वी ते मी एका दमात जन्मभरासाठी घेत असे आणि दिवस मावळण्याआधी मोडत असे. त्या दिवशी मनात फक्त रात्रीपर्यंतचे घेतले. मंडळींनी मागून म्हटले. लक्ष्मणचाही आवाज त्यात होता.

पंगतीला थांबलो नाही. सात वाजता बांधावर पोहोचायचे होते.