पोळी अटकते तेव्हा

देशपांडेकाकांना गॅसचा त्रास होता आणि त्याला बायकोचा स्वयंपाक जबाबदार आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. फ्रीगंजमधल्या माझ्या क्लिनिकमध्ये दोघं समोर बसले होते. काका रेल्वेतून रिटायर झालेले, काकू शाळेत शिकवायच्या. मी पोटविकारांची डॉक्टर, त्यामुळे जेवणाचं आधी विचारते. काका म्हणाले, "घरात रोज खिचडी नाहीतर दलिया. हिनं पोळी सोडलीय. डायटिंग चालू आहे."

मी काकूंना विचारलं, पोळी का सोडली?

"थोडी अटकते इथे." त्यांनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "पाणी प्यायलं की उतरून जाते."

काकांची फाइल मी बाजूला सरकवली. अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंतची नळी. ती लवचिक असते. बरीच अरुंद झाल्याशिवाय सहसा घास अडकत नाही. माणूस मात्र नकळत मऊ खायला लागतो आणि त्रास झाकला जातो. वजनाचं विचारलं, तर ब्लाउज सैल झालेत म्हणाल्या. तंबाखू कधीच नाही. फळं क्वचित. चहा मात्र गॅसवरून उतरला की लगेच, वाफाळता. शाळेची रिसेस छोटी असायची, तेव्हापासूनची सवय.

एंडोस्कोपी करू म्हटलं. तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आत बघायचं. काकू म्हणाल्या, दिवाळीनंतर बघू. मी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. आत गाठ दिसली. तिचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट कॅन्सरचा आला.

काका हळूच म्हणाले, "मी तर हिची मजाक उडवत होतो." काकूंनी विचारलं, चहामुळे झालं का?

मी खरं ते सांगितलं. एका माणसाबाबत तसं छातीठोक सांगता येत नाही. सारखं फार गरम पिण्यानं नळीचं अस्तर भाजत राहतं, धोका वाढतो. फळं-भाज्या कमी खाल्ल्या तरीही वाढतो. तंबाखू आणि दारूनं त्याहून जास्त.

उपचार इंदूरला झाले. आधी केमो आणि रेडिएशन, मग ऑपरेशन. काकू आज आहेत. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा खातात. चहा निववून पितात आणि त्याला काही चव नसते, असं प्रत्येक तपासणीला ऐकवतात.

काकांचा गॅस साध्या गोळीनं गेला. हल्ली जोडपं आलं की मी दोघांच्याही जेवणाचं विचारते. तक्रार करणाराच आजारी असतो असं नाही.