हलणारा साकव

त्या वर्षी चिऱ्यांचा पक्का पूल बांधायचा, म्हणून वाडीने पऱ्यावर पोफळींचा साकव घातलाच नाही. पूल बोलण्यातच राहिला आणि पावसाने ओढ्याचं पाणी चढलं. तापाने फणफणलेली लेक कडेवर घेऊन मी काठावर येरझाऱ्या घालत होते. डॉक्टर पलीकडे. बाप्ये नव्या पुलाला कमानी किती हव्यात यावरून भांडत होते.

तेवढ्यात लुंगीतला एक अनोळखी खलाशी आला. त्याने विडी कानावर खोचली, वाऱ्याने पडलेल्या दोन पोफळी एकेक करून उभ्या केल्या, पलीकडच्या काठावर पाडल्या आणि वर चढून नाचून पाहिलं.

"अरे, हलतंय ते!" मामंजी ओरडले.

"हलू दे, चाचा. पोचवील ना?" तो म्हणाला आणि माझ्याकडे हात केला. "चल गो बाय."

मी गेले. नाव कोण विचारतो तेव्हा! पोर वाचली. पक्का पूल झाला तेव्हा ती सासरी नांदत होती.