वाघिणीवरचा आकडा

आईचा ताप उतरत नव्हता. कॅसलरॉकला बाबा रेल्वेत मालबाबू होते. डॉक्टर म्हणजे स्टेशनातला औषधांचा डबा. बेळगावला दवाखाना होता, आणि तिकडे जायला दुपारची गाडी. पण आत्यानं गावदेवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावला होता, घरातच बरी होईल का म्हणून. उजवी पाकळी पडली. मग आईला हलवायचं कुणी बोलेना.

मी बेळगावच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आले होते. कौलावर माझा विश्वास नव्हता, पण बाबांपुढे तोंड उघडायचं धाडसही नव्हतं. म्हणून मी माझा वेगळा कौल लावला. खिडकीसमोर सागाचे ओंडके भरलेली मालगाडीची वाघीण उभी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात आकडा होता, ३६८६३. ही मूळ संख्या निघाली, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग गेला नाही, तर आई इथंच वाचेल आणि मी गप्प बसेन. भाग गेला तर बोलायचं.

आईच्या कपाळावरची पट्टी बदलत मी पाटीवर भागाकार मांडू लागले. आकडा विषम होता, शेवटी पाच नव्हते. अंकांची बेरीज सव्वीस, म्हणजे तिनानं जात नव्हता. सातानं भागल्यावर एक उरला. अकरा, तेरा, सतरा, तरी टिकला. बाकी उरली की मला जरा धीर यायचा. आईच्या ओठांना पाणी लावलं तर ते गळ्यावर ओघळायचं. मी परत पाटीकडे वळायचे.

हात दुखू लागला तेव्हा कुठवर जायचं ते पाहावं म्हटलं. वर्गमुळापर्यंत तपासलं की पुरतं. एकशे ब्याण्णवचा वर्ग केला, ३६८६४ आला. फक्त एकानं जास्त.

वर्गातून एक वजा केला की ती संख्या लगेच फुटते, मुळाहून एक कमी गुणिले एक जास्त. १९१ गुणिले १९३. मी तर कुठं थांबायचं एवढंच विचारलं होतं.

"बाबा, आईला गाडीनं न्या."

"कौल उजवा पडलाय, बाळ."

"तो खरा नाही."

"कुणी सांगितलं?"

मी पाटी पदराआड धरली.

आत्या चुलीपुढून म्हणाली, "साळंत ह्येच शिकिवत्यात व्हय? देवीला खोटं पाडाया?"

"आत्या, तिला धाप लागलीय."

"ताप हाय तर लागंलच की! डाग्दरीण होऊन आलीया मोठी!"

बाबा उठले, आईचा हात हातात घेऊन उभे राहिले. खिशातलं घड्याळ काढलं. मला वाटलं, आता खुर्ची आणायला सांगतील, तिला उचलून न्यायला. त्यांनी घड्याळ परत ठेवलं.

"उद्या बघू."

गाडी आली तशी सुटली. तिचा आवाज बोगद्यात शिरेपर्यंत मी उभी होते. मग खाली बसून १९१ ला १९३ नं पुन्हा गुणलं, कुठं हातचा विसरला असेल म्हणून. उत्तर तेच आलं.

दुसऱ्या दिवशीची गाडी यायच्या आधी आई गेली.