आडनाव: धाराशिव

"कुठनं घेतलं?" असं विचारताना सर चष्मा कपाळावरून नाकावर आणायचे, जणू उत्तर माझ्या तोंडावर छापलेलंच आहे, आता फक्त वाचायचं राहिलंय.

बेंबळीत ते आमच्या शेजारी राहायचे. निवृत्त शिक्षक. मी दूध संकलन केंद्रावर फॅट मोजतो. दशांश चिन्हापुढचा आकडा मला सोडवत नाही, म्हणून आमचं जमलं. पण माझीही दमछाक व्हायची. "उद्या नळाला पाणी नाही म्हणं," एवढं बोललो तरी चष्मा खाली.

"कुठनं घेतलं?"

"गिरणीत कुणीतरी बोललं."

"कुणीतरी हे काय नाव हाय व्हय? विचारून या."

आणि मी पुन्हा गिरणीत जायचो! असा शेजारी तुम्हाला असेल, तर तुम्हीही गेला असाल.

घरातही सुटका नव्हती. एकदा ते जेवताना म्हणाले, "भाजी खारट झालीय." त्यांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, पदर खोचून विचारलं, "कुठनं घेतलं?" सरांनी जीभ बाहेर काढून दाखवली. "मूळ साधन." काकूंनी उरलेली सगळी भाजी मूळ साधनालाच वाढली.

निवृत्तीनंतर सरांनी आसपासच्या विहिरींच्या नावांवर एक लेख लिहिला. कोणती विहीर कशामुळं कोणत्या नावाची झाली, आणि ते त्यांना कुणी सांगितलं, याची प्रत्येक पानाखाली नोंद. निष्कर्ष असा की, विहीर ज्यानं खोदली त्याचं नाव तिला सहसा लागत नाही.

लेख छापायला कुणी तयार नव्हतं. मग त्यांना इंटरनेटवरचा संशोधनाचा एक खुला संग्रह सापडला. कुणीही फुकट वाचावं, वापरावं. अट एकच, कुणाचं आहे ते नाव घेऊन सांगावं. ही अट वाचून सर हरखले.

"जन्मभर दुसऱ्यांची नावं देत आलो. आपलं कुणीतरी एकदा द्यावं. बास, दुसरं काय न्हाय."

लेख चढवायला मी शेजारी बसलो होतो. पानांचे क्रमांक मी दोनदा तपासले. लेखकाच्या नावाच्या चौकटीत सरांनी, आपण सगळे अर्जावर लिहितो तसंच, पूर्ण नाव लिहिलं आणि पुढं 'रा. बेंबळी, ता. जि. उस्मानाबाद'. आपल्याकडं नाव गावाशिवाय पुरं होत नाही. संगणकाला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं शेवटचा शब्द आडनाव धरला आणि आधीच्या सगळ्याची आद्याक्षरं केली.

हे आम्हाला कळलं ते त्या लेखाचा पहिला संदर्भ कुणीतरी दिला तेव्हा. नागपूरच्या बाजूच्या कुणा संशोधक बाईंचा लेख होता. सरांनी तो वरपासून खालपर्यंत तीनदा वाचला.

"ह्यात मी कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. 'उस्मानाबाद यांच्या मते...'

"अहो, ते आपलं जिल्ह्याचं ठिकाण हाय! त्याला कसलं मत?"

सरांनी संग्रहाला कळवलं. उत्तर आलं: लेखकाच्या नावात बदल हवा असल्यास राजपत्राची प्रत जोडावी. "बदल न्हाय हो, ते माझं नावच न्हाय!" असं सर पडद्याला ओरडून सांगत होते. दरम्यान जिल्ह्याचंच नाव बदललं होतं. सरांनी त्या बदलाचं राजपत्र मिळवलं. उस्मानाबाद हा माणूस नसून जिल्हा आहे, हे सिद्ध करायला त्याहून पक्का आधार कुठला? त्यांनी तो जोडला.

आठवड्यात उत्तर आलं. आधार मिळाला, आभारी आहोत, नावातला बदल नोंदवला आहे. पानावर लेखक म्हणून झळकत होतं: 'धाराशिव, रा. बें. ता. जि.' वगैरे. खाली बारीक अक्षरात, 'पूर्वीचे नाव उस्मानाबाद'.

मला हसू आवरेना. सरांनी मात्र ते उत्तर पुन्हा एकदा वाचलं. मग चष्मा कपाळावर सरकवला.

"त्यांनी आधार मागितला. म्या दिला. त्यांनी तो वाचला. आता भांडायचं कुठल्या तोंडानं?"

खरे हाल काकूंचे झाले. त्यांनी लग्नापासून नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. मी गमतीनं म्हटलं, "काकू, आता सरांचं नाव धाराशिव. बसमध्ये तिकीट कसं मागणार?"

"अगं बाई!" काकू पदर तोंडाला लावून हसल्या.

"जिल्ह्याला एक, म्हणायचं," आतून सरांचा आवाज आला. पहिल्यांदाच त्या प्रकरणावर ते हसत होते. काकूंनी तसंच सुरू केलं, आणि कंडक्टरांनाही सवय झाली.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. आडनाव दुरुस्त झालं नाही. त्यानंतर आणखी एक संदर्भ आला: 'धाराशिव यांनी दाखवून दिल्याप्रमाणे...' मी काकूंना वाचून दाखवला. "खाली कुठनं घेतलं ते दिलंय का?" त्यांनी विचारलं. दिलं होतं. त्यांनी मान हलवली.

परवा बसमध्ये त्या माझ्या पुढच्याच बाकावर होत्या. कंडक्टर नवा होता.

"जिल्ह्याला एक," काकू म्हणाल्या.

"कुठला जिल्हा, मावशी? नाव घ्या की!"

काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, खिडकीकडं तोंड फिरवलं, आणि नव्या नवरीसारख्या लाजल्या.